फुलमळ्याची राखण



वसंतातील व्याख्यानाचा विषय भारदस्त असावा, अशी आपल्याकडे रूढी आहे. त्या मानाने माझा विषय फार लहान आहे. फुलांच्या मळ्यात हरीण शिरू नये म्हणून माणसाने आजवर काय काय केले, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी कामगार चळवळीतला मनुष्य. शाळा सातवीपाशी सुटली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीतील दोन कपाटांच्या आधाराने झाले. इतिहासकाराचा अधिकार मी सांगत नाही. परंतु रात्रीचा पहारा हे काम आहे की नाही, आणि असेल तर त्याचे दाम कोणी द्यावयाचे, या प्रश्नाशी माझी तीस वर्षे गाठ आहे. हरणाच्या आणि फुलांच्या गोष्टीत हाच प्रश्न दोन हजार वर्षे उभा असलेला मला दिसतो, म्हणून हे धाडस.

आपल्या वाङ्मयाने हरणाला फार लाडावून ठेवले आहे. कण्वाच्या आश्रमात शकुंतला झाडांना पाणी घालते आणि हरणाच्या पाडसाला स्वतःच्या हाताने चारते. झाडे, वेली, फुले आणि हरणे सारी एकाच अंगणात नांदतात. कुंपणाची काळजी कोणालाच दिसत नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या एखाद्या माळ्याला हे सांगितले तर तो हसेल, आणि विचारील की कळ्या उरल्या किती? सीतेला सोन्याचे हरीण हवेसे वाटले, कारण ते दुरून पाहावयाचे होते. ज्याच्या वाफ्यात ते उतरते त्याची दृष्टी वेगळी असते.

‘हरीण’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, तेव्हा थोडा खुलासा करतो. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे जन्मभर टिकतात. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन कुळे भिन्न आहेत. भीमाशंकरच्या रानात सांबर आणि भेकर आहे. त्या रानाला १९८५ साली अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. काळवीट मोकळ्या माळाचा जीव. त्याच्यासाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली अभयारण्य झाले. शेतकऱ्याच्या लेखी मात्र कुळाचा भेद नाही. सकाळी मळ्यात गेल्यावर शेंडे खुडलेले दिसले की पुरे.

ते शेंडे कसे खुडले आहेत हे पाहूनच जाणता मनुष्य चोर ओळखतो. हरणाच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात. त्यामुळे ते देठ कापीत नाही, ओढून तोडते, आणि तुटलेली कड फाटकी दिसते. सशाने कुरतडलेला देठ चाकूने तिरपा छाटावा तसा असतो. रानडुक्कर तर मुळापासून उकरून ठेवते. त्याला ओळखावयास पंचांची गरज नाही. हरणाची आवड कोवळ्या पाल्यावर आणि कळीवर. म्हणजे माळ्याला ज्याचे पैसे व्हावयाचे, नेमके तेच. झेंडूच्या उग्र वासाने जनावर फिरकत नाही असे पुष्कळ लोक सांगतात. झेंडू हा मूळचा मेक्सिकोकडचा पाहुणा. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो इतका मुरला की परका वाटत नाही. पोट भरलेले हरीण त्याचा वास टाळीत असेलही. उन्हाळ्यात रान करपले म्हणजे भुकेला वास राहत नाही.

यावर पहिला उपाय कुंपणाचा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शेताच्या कुंपणाचे माप दिले आहे. उंटाला वरून आत पाहता येऊ नये इतके ते उंच असावे, आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक भोक बुजवावे. मनूशी आमचे भांडण पुष्कळ बाबतींत आहे, पण हे माप ज्याने लिहिले त्याने शेत पाहिले होते यात शंका नाही. आजही हाच पेच आहे. उडी मारणाऱ्यासाठी कुंपण उंच हवे, आणि घुसणाऱ्यासाठी खालून बंद हवे. सांबर वरून येते, भेकर फटीतून येते, डुक्कर खालून येते. त्याच ठिकाणी आणखी एक नियम आहे. गावालगतच्या, कुंपण नसलेल्या शेताचे गुरांनी नुकसान केले तर राजाने गुराख्याला दंड करू नये. याचा अर्थ उघड आहे. राखण्याची जबाबदारी पिकवणाऱ्याची, आणि तो खर्चही त्याचाच.

गरिबाने हा खर्च काट्यांवर भागवला. बाभळीच्या फांद्यांची कुपाटी, सागरगोट्याची जाळी, शेराची आणि घायपाताची रांग. फड्या निवडुंग अमेरिकेतून आला आणि आपल्या गावकुसावर असा माजला की रस्ते बंद पडू लागले. पुढे विसाव्या शतकात त्याच्यावर जगणारा किडा सोडून त्याचा बीमोड करण्यात आला. त्या निवडुंगाबरोबर फुकटचे कुंपणही गेले, हे फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या देशावर याहून सुरेख युक्ती होती. ज्वारीच्या शेताभोवती करडईचे पाटे धरीत. करडई पाला-फुलासकट काटेरी. जनावराचे तोंड सोलवटते, तेव्हा ते मागे फिरते. शिवाय हंगामाच्या शेवटी तेल मिळते. एका फुलाने पिकाची राखण करावी आणि वर तेलही द्यावे, याहून स्वस्त पहारेकरी कोणत्या मालकाला मिळाला असेल?

परंतु काटे झोप घेत नाहीत म्हणून काही ते ओरडत नाहीत. शेवटी माणूसच लागतो. चार मेढी रोवून वर माळा बांधावयाचा, हातात गोफण घ्यावयाची, रात्री शेकोटी, डबा आणि आरोळी. दिवसा पाखरांसाठी बायकामुले, रात्री जनावरांसाठी पुरुष. ही वाटणी फार जुनी असावी. कालिदासाच्या रघुवंशात उसाच्या सावलीत बसून भात राखणाऱ्या स्त्रिया रघूचे यश गातात. टीकाकारांनी रघूच्या यशाचे रसग्रहण भरपूर केले आहे. माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो असा, की त्या बायका राखण करीत होत्या, तेव्हा त्यांना सायंकाळी काय मिळत होते?

हाच प्रश्न मी जुन्नरच्या लेण्यांपाशी विचारतो. सातवाहनांच्या काळात आपले जुन्नर ही मोठी पेठ होती आणि नाणेघाटाने कोकणाशी व्यापार चाले. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत शेत राखणारी मुलगी आहे, पारध्याचे घर आहे, हरणांची जोडी आहे. लेण्यांतील लेखांत धंदेवाल्यांच्या श्रेणी आहेत. बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, धान्यवाल्यांची आहे. लोक त्यांच्याकडे दानाचा पैसा ठेवीत, इतकी त्यांची पत होती. झाडांच्या लागवडीसाठी जमीन दान दिल्याचेही लेख आहेत. कामगार संघटनेच्या मनुष्याला हे वाचून अभिमान वाटल्याशिवाय राहत नाही. बांबू तासणाऱ्यांची संघटना दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात होती! मात्र त्या बांबूच्या माळ्यावर बसून रात्र काढणाऱ्याची श्रेणी त्या लेखांत मला कोठे आढळली नाही. तो काव्यात आला, शिलालेखात आला नाही.

राखणदाराची नोकरी किती पातळ असते हे तुकोबांच्या एका आख्यायिकेत फार चांगले दिसते. महिपतीने ती सांगितली आहे. एका शेतकऱ्याने तुकोबांना शेत राखावयास बसवले आणि तो परगावी गेला. तुकोबांनी पाखरांना हाकलले नाही. शेतकरी परतला, संतापला, प्रकरण पंचांपुढे गेले, आणि नुकसान भरून देण्याचे तुकोबांकडून लिहून घेतले. पुढे पीक मोजले तर ते अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक भरले. कीर्तनकार येथे देवाची कृपा सांगतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. मला त्यात व्यवहार दिसतो. पाखरांनी खाल्ले तर भरपाई राखणदाराकडून. देवाने कृपा केली नसती तर त्या भरपाईला कोण उभे राहिले असते?

आता पुण्यास येऊ, कारण हरीण आणि फूल येथे एकाच शहरात, एकाच काळी, दोन निराळ्या घरांत भेटतात. सवाई माधवराव पेशव्याला हरणांचा नाद होता. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता, आणि तेथील माणसाळलेली हरणे पाहावयास परदेशी वकीलसुद्धा येत. त्याच पेशवाईच्या उत्तरकाळात गोऱ्हे आडनावाचे एक माळी कुटुंब पुण्यात फुलांचा धंदा करू लागले. पेशव्यांकडे त्यांची फुले जात, आणि फुलांच्या धंद्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले. त्या घरात १८२७ साली जोतीराव जन्मले. दरबाराला हरीणही हवे होते आणि फूलही हवे होते. दरबाराला दोन्ही दुरून मिळत होती. मधली रात्र मळ्यात जात होती.

हा भेद आपल्याच देशात होता असे समजू नये. इंग्लंडात नॉर्मन राजांनी आपल्या शिकारीसाठी मोठमोठे मुलूख राखीव केले. त्या हद्दीत शेतकऱ्याने जमीन लागवडीस आणली तर तिच्याभोवती चर लहान आणि कुंपण ठेंगणे असावे, असा नियम होता. का? तर राजाच्या हरिणीला आणि तिच्या पाडसाला आत जाता यावे म्हणून! आमच्या मनूने कुंपण उंटाच्या डोळ्यापेक्षा उंच सांगितले, आणि त्यांच्या राजाने पाडसाच्या उडीपेक्षा बुटके सांगितले. राजाचे हरीण मारणाऱ्याला प्राणास किंवा अवयवास मुकावे लागे. १२१७ च्या वनसनदेने ती शिक्षा उठवली. तरी १७२३ साली पुन्हा असा कायदा झाला की तोंडाला काळे फासून हरीण चोरणाऱ्याला फाशी व्हावी. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने त्या कायद्यावर एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. कोणी इंग्रजी वाचणारा असेल त्याने तो जरूर पाहावा. जर्मनीत १५२५ साली शेतकऱ्यांनी बंड केले तेव्हा त्यांच्या बारा मागण्यांत चौथी शिकारीच्या हक्काची होती. धन्याची जनावरे आमचे पीक खातात आणि आम्हांस मुकाट्याने पाहावे लागते, हे त्यांचे गाऱ्हाणे. फ्रान्समध्ये ऑगस्ट १७८९ मध्ये सरंजामी हक्क रद्द झाले, त्यांत सरदारांचा शिकारीचा एकाधिकारही गेला. त्याच इंग्लंडातील बड्या लोकांनी बागेपुढे एक खोल चर खणण्याची पद्धत उचलली. खिडकीतून पाहिले तर हिरवळ आणि हरीण सलग दिसावे, पण हरणाला फुलापर्यंत येता येऊ नये. दृश्य न बिघडवता राखण साधण्याची ती श्रीमंती युक्ती होती. खणणाऱ्याच्या मजुरीचा हिशेब त्या चित्रात दिसत नाही.

आपल्याकडे १८७८ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. वनकायद्याने रान सरकारचे झाले, आणि हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक ठेवणे गुन्हा झाला. एका हाताने जनावराला आसरा दिला, दुसऱ्या हाताने शेतकऱ्याचे शस्त्र काढून घेतले. सरकारने हे एकाच हेतूने केले असे मी म्हणत नाही. पण बांधावर बसणाऱ्याला दोन्हींचा परिणाम एकदम भोगावा लागला.

यावर आपल्याकडे स्पष्ट बोलला तो फुलांच्या घराण्यातलाच मनुष्य. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात शिक्षणाची, पाण्याची, कर्जाची चर्चा आहे, ती आपण वाचली असेल. पण त्यात एक सूचना अशी आहे की तिच्याकडे विद्वानांचे लक्ष क्वचितच जाते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांना निदान जुन्यापान्या गावठी बंदुका तरी ठेवू द्याव्यात. सरकारला तेवढा भरवसा नसेल तर हे काम पोलिसांकडे सोपवावे. आणि त्यानंतरही डुकरांनी पीक खाल्ले तर भरपाई पोलीस खात्याच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून व्हावी. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटवून बसून राहिलो. हा शुद्ध कामगार संघटनेचा युक्तिवाद आहे. ज्याने हत्यार काढून घेतले त्याने राखण करावी. राखण जमली नाही तर त्याच्या पगारातून कापावे. मनूपासून चालत आलेला नियम, राखण पिकवणाऱ्याची आणि नुकसानही त्याचेच, या एका वाक्याने उलटा केला.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. तेही फुलमाळी समाजातले. हा योगायोग असेल. माझी मात्र अशी समजूत आहे की ज्या घरात रात्री फुले राखावयाची आणि पहाटे तोडून बाजारात न्यावयाची, त्या घरातल्या माणसाला वेळेची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही.

गिरणीतील माणसाचे तास मोजले जाऊ लागले. पहारेकऱ्याचे तास मोजावयास त्याहून पुष्कळ काळ लागला. एका कारखान्यात रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांच्या जादा तासांचा वाद मी चालवीत होतो. व्यवस्थापक मला म्हणाले, “अहो, हे लोक तर नुसते बसतात, यात काम कोठे आले?” मी त्यांना विचारले, “साहेब, ते उठून गेले तर आपण आज रात्री झोपाल काय?” त्यावर त्यांनी चहा मागवला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, आणि त्याच धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांचा. फाटकावर बसणाऱ्याचे बसणे हे काम आहे, असे कायद्याने मानले. शेताच्या माळ्यावर बसणारा त्या कायद्याच्या बाहेरच राहिला, कारण तो बहुधा स्वतःच शेतकरी असतो, किंवा त्याचा म्हातारा बाप.

रानाच्या बाजूनेही कायदे पुढे गेले. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७२ साली साऱ्या देशाचा झाला. ते आवश्यकच होते. बंदुकीच्या हौशीने काळविटाचे कळप कसे संपत आले होते हे जुने लोक सांगत असत. हरीण जगले पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही. जोतीरावांच्या मागणीचा उत्तरार्धही काही अंशी पदरात पडला आहे. रानडुक्कर, हरीण, रोही यांनी पीक खाल्ले तर महाराष्ट्र शासन पंचनामा करून भरपाई देते. पण ती खाल्लेल्या पिकाची. जे पीक राखणदाराने जागून वाचवले त्याचा पंचनामा होत नाही. चांगली राखण करणाऱ्याच्या पदरी, सरकारी हिशेबाने, शून्य.

आता मी आपल्याला पिंपरी पेंढारला नेतो. कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर आणि आळेफाटा यांच्यामध्ये हे गाव आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली आणि जुन्नर-आंबेगावचा हा पट्टा बागायती झाला. ऊस आला, टोमॅटो आला, दसऱ्या-दिवाळीच्या बाजारासाठी झेंडू आणि शेवंती आली. ऊस वर्षभर, कधी त्याहून अधिक, दाट उभा असतो. त्या झाकणात बिबट्या राहू लागला, आणि मादी तेथेच पिले घालू लागली. रानात त्याचे भक्ष्य भेकर आणि सांबराचे पाडस. उसात त्याला कुत्रे, शेळी आणि डुक्कर मिळते. एका अर्थी हरणाचा जुना राखणदार शिवारात येऊन बसला आहे. पण त्याने राखणीची सारी घडीच मोडली. माळ्यावर चढावयाचे तर अंधारात उसाच्या कडेने जावे लागते. गोफण घेऊन बांधावर वाकून बसलेला मनुष्य त्याला चार पायांच्या जनावराएवढाच दिसतो. २०२४ साली पिंपरी पेंढारच्या शिवारात शेतात गेलेल्या स्त्रिया बिबट्याच्या हल्ल्यात मरण पावल्या. राखणदाराचीच राखण करण्याची वेळ आली.

म्हणून लोक आता माणसाऐवजी वस्तू बसवतात. मळ्याभोवती जुन्या लुगड्यांचे रंगीत कुंपण बांधतात. वाऱ्याने ते हलते आणि जनावर बिचकते, निदान आठ-पंधरा दिवस. न्हाव्याच्या दुकानातील केस आणून बांधावर पसरतात. भोंग्यात माणसाची आरोळी भरून ती रात्रभर वाजवतात. आमच्या आजोबांची आरोळी आता यंत्र देते, आणि हरीण चार रात्रींत ओळखते की हिच्यामागे दगड येत नाही. सूर्यशक्तीवर चालणारी झटक्याची तार हा त्यातल्या त्यात खरा उपाय आहे. तिच्यातून तुटक, क्षणिक धक्का बसतो. जनावर मरत नाही, शहाणे होते. शासनाची त्यासाठी अनुदानाची योजनाही आहे. परंतु अनुदान मिळेपर्यंत धीर न धरणारे काही जण घरची वीज तारेत सोडतात, आणि त्या तारेवर सकाळी हरणाऐवजी शेजारी पडलेला आढळतो. हा गुन्हा आहे, आणि त्याला माझ्याजवळ कोणतीही सहानुभूती नाही. वाकलेल्या माणसाच्या हातात धोकादायक वस्तू देणाऱ्या परिस्थितीबद्दल मात्र बोलले पाहिजे.

त्यात एक गोष्ट विजेची. शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीने मिळते. म्हणजे हरणासाठी नाही तरी पाण्यासाठी मनुष्याला रात्री मळ्यात जावेच लागते. शेतीला दिवसा वीज द्या, ही जुन्नर तालुक्यातील मागणी याचसाठी आहे. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली सुरू झाली, तिचा हेतू हाच. ज्या फिडरवर ती पोहोचली तेथला शेतकरी रात्री घरात झोपतो. जेथे नाही, तेथला बॅटरी आणि काठी घेऊन निघतो.

वन खाते सांगते, एकट्याने शिवारात जाऊ नका, गटाने जा, आवाज करीत जा. सल्ला योग्यच आहे. पण तो आपण फुलांच्या तोडणीला लावून पाहा. झेंडूची तोडणी किलोवर ठरली आहे. पाच बायका मळ्यात गेल्या. चौघी वाकून फुले तोडतात, आणि पाचवी उसाच्या कडेला तोंड करून उभी राहते, मध्येच डबा वाजवते. सायंकाळी काटा लागतो. चौघींच्या टोपल्या मोजल्या जातात. पाचवीची टोपली रिकामी असते, आणि मुकादम तिला विचारतो, तू दिवसभर काय केलेस?